मेंदूचे फाटक आणि पाठीतले पाणी



गेल्या फेब्रुवारीत एका रात्री साडेअकराला फोन वाजला. आपल्या मंडळातलाच एक तरुण, दोन वर्षांपूर्वी नाशिकहून नोकरीसाठी बर्लिनला आलेला, दोन दिवस तापाने फणफणला होता. डोके इतके दुखत होते की खोलीतला दिवासुद्धा सहन होईना, आणि हनुवटी छातीला टेकवायला सांगितली तर मान वाकेना. बायकोने ११२ ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलमध्ये रक्त तपासले. रक्तात विशेष काही निघाले नाही. मग डॉक्टर म्हणाले, पाठीतून पाणी काढून तपासावे लागेल. आणि इथे गाडी अडली.

त्याने आधी घरी फोन लावला. नाशिकला तेव्हा पहाटेचे चार वाजलेले. आई झोपेतून उठली आणि पहिलेच वाक्य बोलली, "काही झालं तरी पाठीत सुई घालू देऊ नकोस. जन्माची कंबर जाते." पाठोपाठ दुसरे, "आणि रक्ताचा रिपोर्ट चांगला आलाय ना? मग कशाला?" त्यात समोरच्या जर्मन फॉर्मवर मोठ्या अक्षरात शब्द होता 'लिक्वोर'. मेंदूभोवतीच्या पाण्याला जर्मन डॉक्टर हेच म्हणतात. सुनेने तो फोनवर वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी विचारले, "दारूचं काय लिहिलंय त्यात?" आज हसू येते, तेव्हा कोणी हसले नाही.

मला बोलावले ते दुभाषी म्हणून. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी प्रयोगशाळेत गेली, सूक्ष्मदर्शकाच्या मागे. पण त्या रात्री कॉरिडॉरमध्ये बसून आईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी फोनवर दिली, आणि नंतर वाटले की ती सगळ्यांसाठीच लिहावीत. कारण रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे मेंदू ठीक आहे, ही समजूत आपल्या घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे.

मेंदू शरीरात राहतो खरा, पण सोवळ्यात राहतो. कवटीच्या आत त्याच्याभोवती तीन आवरणे असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना तानिका म्हटले आहे. सर्वात बाहेरची दृढतानिका, चिवट, चामड्यासारखी. मधली जालतानिका, कोळ्याच्या जाळ्यासारखी. जर्मनमध्येही तिला 'श्पिनवेबनहाउट' म्हणजे कोळ्याच्या जाळ्याची कातडीच म्हणतात. आणि सर्वात आतली मृदुतानिका, मेंदूच्या प्रत्येक वळीला चिकटून बसलेली. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये बाहेरच्या आवरणाचे नाव 'ड्युरा माटेर', म्हणजे कठोर आई, आणि आतल्याचे 'पिया माटेर', मायाळू आई. ही आई अरबी वैद्यांच्या ग्रंथांतून लॅटिनमध्ये आली.

मधल्या आणि आतल्या आवरणांमध्ये पाणी असते. मोठ्या माणसात सगळे मिळून सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, पण या पाण्यात तरंगत असल्याने त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच पडतो. हे पाणी शिळे होत नाही. मेंदू दिवसाला साधारण अर्धा लिटर नवे पाणी तयार करतो आणि जुने रक्तात परत जाते. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

पण नुसत्या आवरणांनी भागत नाही. मेंदूला रक्त तर हवेच. मग रक्तातले वाटेल ते मेंदूत का शिरत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सुरुवात झाली ती आपल्याच गावात.

पाउल एर्लिश हे नाव अनेकांनी ऐकले असेल. १९०८ सालच्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी. तरुणपणी ते बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये होते आणि रंगांच्या नादाने झपाटलेले होते. तेव्हा जर्मनीत कापड रंगवायचे नवनवे कृत्रिम रंग निघत होते. एर्लिश ते प्राण्यांना टोचत आणि कोणता अवयव कोणता रंग धरतो ते पाहत. १८८५ साली त्यांनी लिहून ठेवले की काही रंग टोचल्यावर यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगून निघते, मेंदू मात्र पांढराच राहतो. त्यांनी अर्थ लावला की मेंदूला हा रंग चढतच नाही.

अर्थ चुकला होता. १९०० साली बर्लिनच्याच माक्स लेवांडोव्स्की यांना आढळले की एक विशिष्ट क्षार रक्तात सोडला तर मेंदूवर काही परिणाम होत नाही, पण तोच थोडासा मेंदूच्या पाण्यात सोडला तर प्राण्याला झटके येतात. आणि १९१३ साली एडविन गोल्डमान यांनी निळा रंग रक्तात न सोडता थेट त्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे मेंदू रंग धरतो. मधे काहीतरी आडवे आहे.

ते काय आहे, हे दिसायला १९६७ उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतल्या केशवाहिन्या पाहिल्या. शरीरात इतर बहुतेक ठिकाणी या बारीक वाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यातून द्रव झिरपतो. मेंदूत त्या फटी बंद असतात. दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरावा तशी एकेक पेशी शेजारणीला घट्ट जोडलेली. अशा वाहिन्या एका मेंदूत सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे इथून म्युनिकपर्यंत पसरतील एवढ्या आहेत, आणि जवळजवळ सगळीकडे हीच बांधणी.

जर्मन भाषेत याला 'ब्लूट-हिर्न-श्रांके' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. श्रांके म्हणजे भिंत नव्हे. रेल्वे क्रॉसिंगवर खाली येणारा तो लाल-पांढरा दांडा, आपले रेल्वे फाटक. आणि फाटक म्हटले की गेटमन आलाच. साखर आली की तो दांडा वर करतो, तिच्यासाठी खास दार आहे. ऑक्सिजन, कॉफी, दारू, सिगरेटमधले निकोटिन दांड्याखालून वाकून आत जातात. बाकीच्यांना तो अडवतो, आणि काही आत घुसले तरी गचांडी धरून बाहेर काढतो.

हे सगळे आपल्या औषधांच्या डब्यातही दिसते. सर्दीसाठी अ‍ॅव्हिल घेतली की डोळे मिटायला लागतात, सेटिरिझिनने तेवढी झोप येत नाही. दोन्ही एकाच कामाच्या गोळ्या. पहिली मेंदूत सहज शिरते, दुसरीला गेटमन बाहेर ढकलतो. भारतात गेल्यावर पोट बिघडले की आपण लोपेरामाइड घेतो. ते अफूच्या कुळातले औषध आहे! नेहमीच्या मात्रेत नशा येत नाही ती फाटकामुळेच. (म्हणून ते तान्ह्या मुलांना आपल्या मनाने देऊ नये आणि मोठ्यांनीही मात्रा ओलांडू नये.)

पार्किन्सन झालेले आजी-आजोबा ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे जरूर वाचावे. या आजारात मेंदूत डोपामाइन कमी पडते. मग डोपामाइनचीच गोळी का देत नाहीत? कारण ते फाटकातून जात नाही. म्हणून त्याचा कच्चा माल, लेव्होडोपा, देतात. तो ज्या दारातून आत जातो, ते दार मुळात प्रथिनांच्या घटकांचे आहे. गोळीबरोबर वाटीभर पनीर किंवा डाळ-उसळ पोटात गेली तर दारात रेटारेटी होते आणि गोळी मागे राहते. घरचे म्हणतात, "आज गोळी लागूच पडली नाही." गोळी जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. प्रथिने बंद मात्र करू नका.

आता नाशिकच्या आईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रक्त चांगले, मग पाणी कशाला? फाटकामुळेच. आवरणांच्या आत जे चालले आहे त्याची खबर रक्तात येईलच असे नाही. ती त्या पाण्यात असते. जंतूंमुळे आवरणांना सूज आली असेल, ज्याला आपण मेंदूज्वर म्हणतो, तर पाणी गढूळ येते, त्यातली साखर उतरलेली असते, कारण साखर आत नेणारे दार बिघडलेले असते आणि आत ती वापरलीही जात असते. विषाणू असतील तर पाणी बहुधा स्वच्छ, साखर ठीक, पेशी वाढलेल्या. क्षयाचे जंतू असतील तर साखर कमी, प्रथिने वाढलेली, आणि कधी नळीत पाणी ठेवून दिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. तिन्हींचे औषध वेगळे. डॉक्टर अंदाजाने उपचार सुरू करतात, त्या रात्रीही सही होण्याआधीच सलाईनमधून सुरू झाले होते. पण पुढे कोणते चालू ठेवायचे आणि कोणते थांबवायचे, ते पाण्यावरून ठरते.

ही औषधे शिरेतून आणि भरपूर मात्रेत का देतात, तेही सांगतो. निरोगी माणसात पेनिसिलिन या फाटकातून फार थोडे जाते. सूज असते तेव्हा फाटक ढिले पडते आणि जास्त जाते. रुग्ण सुधारू लागला की फाटक पुन्हा आवळते. म्हणून "आता ताप उतरला, गोळ्या द्या आणि घरी सोडा" हे ऐकले जात नाही.

आणि पहिला प्रश्न, कंबरेचा. पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास. तिथे पाण्यात फक्त सुट्या नसा तरंगत असतात, त्या सुईपुढून बाजूला सरकतात. काढतात साधारण दहा मिलिलिटर, दोन चमचे. दिवसाला अर्धा लिटर तयार होते, म्हणजे अर्ध्या तासात भरपाई! काहींना नंतर चार-सहा दिवस उठून बसले की डोके दुखते. त्यावर उपाय आहे. कंबर काही दिवस ठणकू शकते. धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. कवटीतला दाब वाढला असेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर सुई धोक्याची ठरू शकते, म्हणून डॉक्टर आधी ते पाहतात, गरज वाटली तर स्कॅन करतात. पण 'जन्माची कंबर जाते' हे ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पाय त्या आजाराने गेलेले असतात आणि नाव सुईवर येते.

ही सुई पहिल्यांदा कोणासाठी वापरली, ते ऐका. हाइनरिश क्विंके हे फ्रांकफुर्ट आन देअर ओडरला, म्हणजे इथून रेल्वेने तासाभरावर, जन्मलेले डॉक्टर. शिक्षण बर्लिनमध्ये झाले, पुढे कील येथे प्राध्यापक. १८९१ साली त्यांनी ही पद्धत मांडली ती डोक्यात पाणी साठून दाब वाढलेल्या लहान मुलांसाठी, ज्यांतल्या काहींना क्षयाचा मेंदूज्वर असल्याचा संशय होता. दाब उतरावा, पोराचे डोके थोडे तरी शांत व्हावे, एवढीच तेव्हा आशा. त्याआधी नऊ वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये डोरोथीनश्ट्रासवरच्या संस्थेत क्षयाचा जंतू दाखवला होता. श्रोत्यांत तरुण एर्लिशही होते. जंतू सापडला, सुई सापडली, तरी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४० च्या दशकात आले, पण ते फाटकातून नीट जात नाही. मुलांना ते पुन्हा पुन्हा पाठीतून टोचावे लागे. १९५२ साली आयसोनियाझिड आले. साधी स्वस्त गोळी, आणि फाटक जणू तिच्यासाठी उघडेच. तिने हा आजार बरा होण्याच्या आवाक्यात आणला.

क्षयाचा मेंदूज्वर हा आपल्यासाठी इतिहास नाही. तुमच्या-माझ्या दंडावर बीसीजीचा गोल व्रण आहे. ती लस मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून फारसे वाचवत नाही, पण लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून चांगले संरक्षण देते; भारतात म्हणूनच ती जन्मतःच देतात. जर्मनीत १९९८ पासून तिची शिफारस नाही, कारण इथे क्षय कमी आहे. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या दंडावर तो व्रण बहुधा नसतो, आणि दर उन्हाळ्यात आपण त्यांना सहा आठवडे सांगली-जळगावला घेऊन जातो. म्हणून घाबरून जाणे थांबवा असे मुळीच नाही, आजोळ हवेच. पण घरात कोणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर त्याची तपासणी आधी, मग नातवाला मांडीवर. आणि परत आल्यावर मूल दोन-तीन आठवडे किरकिरे असेल, बारीक ताप, सकाळी उलटी, खेळात लक्ष नाही, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही भारतात होतो, बीसीजी दिलेली नाही. हा आजार मेंदूज्वराच्या इतर प्रकारांसारखा एका रात्रीत येत नाही, हळूहळू येतो, आणि इथल्या तरुण डॉक्टरने तो कदाचित पाहिलेलाही नसतो.

याच्या अगदी उलट मेनिंगोकॉकसचा. तो काही तासांत जीव घेऊ शकतो. तापाबरोबर अंगावर लाल-जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबून पाहिला तरी ते पुसट होत नसतील, तर थेट ११२. या जंतूच्या बी प्रकाराची लस जानेवारी २०२४ पासून जर्मनीत सगळ्या तान्ह्या मुलांसाठी सुचवली आहे. वेळापत्रक अधूनमधून बदलते, तेव्हा पिवळी लसपुस्तिका घेऊन मुलांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराचेही तिथेच विचारून घ्या. त्यावर औषध नाही, लस आहे. बर्लिन शहर धोक्याच्या यादीत नसले तरी ब्रांडेनबर्गचे काही जिल्हे आणि दक्षिण जर्मनीचा मोठा भाग आहे.

ज्यांची मुले आता कॉलेजात आहेत त्यांना क्नूट आठवत असेल. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातले ते पांढरे अस्वल, डिसेंबर २००६ चा जन्म. आम्हीही रांग लावून पाहिले होते. १९ मार्च २०११ रोजी लोकांच्या डोळ्यांदेखत त्याला झटका आला आणि ते पाण्यात पडून मेले. मेंदूला सूज होती एवढे कळले, कारण कळेना. २०१५ साली बर्लिनच्या संशोधकांनी त्याचे राखून ठेवलेले मेंदूतले पाणी तपासले आणि त्यात स्वतःच्याच मेंदूवर उलटलेली प्रतिद्रव्ये सापडली. माणसांमधला हाच आजार २००७ साली अमेरिकेत जोसेप दालमाउ यांनी सविस्तर वर्णन केला होता. तो बऱ्याचदा तरुण मुलींना होतो. चांगली शिकलेली मुलगी आठवड्याभरात भलतेसलते बोलू लागते, झोपत नाही, भास होतात, मग झटके. इथे तिला आधी मनोरुग्ण समजतात, आणि आपल्याकडे देवऋषी गाठतात. रक्तात ही प्रतिद्रव्ये कधीकधी सापडत नाहीत, पाण्यात सापडतात. आणि वेळेत उपचार झाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

शेवटी आई-वडिलांबद्दल, कारण मे महिना आला की आपल्या घरोघरी ते येतात. वय वाढते तसा मेंदू थोडा आक्रसतो आणि बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. इथल्या न्हाणीघरात टबच्या काठावरून पाय घसरला, डोके जरासे आपटले, "काही नाही रे, टेंगूळसुद्धा नाही." त्यात हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्या शिरेतून आवरणाखाली थेंब थेंब रक्त साठत जाते. तीन-चार आठवड्यांनी आजोबा दिवसा पेंगू लागतात, चालताना एका बाजूला झुकतात, नातवाचे नाव चुकतात. आपण म्हणतो, वय झाले, हवा मानवली नाही. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आम्ही घरच्यांनीच हे अकरा दिवस म्हटले. रक्ताचा रिपोर्ट तेव्हाही उत्तम होता. इथे पाण्याची तपासणी नव्हे, डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. कवटीला छोटे भोक पाडून रक्त काढले आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला सूनबाई म्हणून हाक मारून चहात साखर कमी असल्याचे सांगितले. प्रवासी विमा काढताना आधीच्या आजारांचे कलम आणि 'इमर्जन्सी'ची व्याख्या वाचून घ्या, एवढे त्या अनुभवातून सांगते.

नाशिकच्या त्या तरुणाने रात्री दीडला सही केली. पाणी स्वच्छ होते, विषाणू निघाला, जंतूंची औषधे तिसऱ्या दिवशी थांबवली आणि आठवड्याने तो घरी आला. दोन दिवस बसले की डोके दुखायचे, म्हणून आडवा पडून ऑफिसच्या मेल वाचत होता. त्याच्या आई मे महिन्यात इथे येत आहेत. मला भेटायचे आहे म्हणतात, आणि ती सुई केवढी असते ते विचारून ठेवले आहे.